पाया, पत्रा आणि पायरी : सासू-सासऱ्यांच्या खोलीविषयीचे गैरसमज

सासरे पंचाहत्तरीला टेकलेले, सासूबाईंचे गुडघे गेलेले, आणि गावातल्या गळक्या माळवदात दोघंच. नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांवरची तरणी माणसं ऊसतोडीला, पुण्याला, हैदराबादला पांगलेली. जी शेतीवर उरली, त्यांच्या घरात कधीतरी विषय निघतोच : आखाड्याजवळ म्हाताऱ्यांसाठी एक खोली काढू. मग सल्ले सुरू होतात. मिस्त्री एक सांगतो, पाहुणे दुसरं, तहसीलच्या आवारातला माहीतगार तिसरं. पैसे मोजकेच असल्याने चुकीचा सल्ला फार महागात पडतो. अशी खोली स्वस्त करायची तर ती लहान बांधावी, पण हलकी बांधू नये. दहा बाय बारा फुटांची खोली, तिला लागून न्हाणी-संडास आणि पुढे ओसरी एवढं दोन जिवांना पुरतं. खालचे बरेचसे गैरसमज हा हिशेब उलटा मांडल्यामुळे होतात.

गैरसमज १ : शेत आपलं, मग परवानगी कसली? किंवा : एनए (बिगरशेती) केल्याशिवाय वीटसुद्धा ठेवता येत नाही.

वस्तुस्थिती : दोन्ही टोकं चुकीची आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये शेतावरच्या इमारतीची व्याख्या दिली आहे. अवजारं-धान्याची साठवण आणि गुरांचा निवारा यांच्याबरोबर जमीनधारकाच्या कुटुंबीयांचं, सालगड्यांचं राहणंही त्या व्याख्येत येतं. म्हणजे घरच्या माणसांसाठी शेतात बांधलेली खोली हा आपोआप बिगरशेती वापर होत नाही. पण नगरपरिषदेची हद्द किंवा प्रादेशिक आराखडा लागू असेल तिथे परवानगी आणि क्षेत्रफळाची मर्यादा येते. गावठाणात ग्रामपंचायतीला विचारावं लागतं. म्हणून पाया खोदण्याआधी सातबारा आणि हातकच्चा नकाशा घेऊन तलाठी व ग्रामसेवकांकडे एक खेप मारावी.

विजेचंही आधीच पाहावं. मोटारीच्या जोडणीवरून खोलीत बल्ब ओढला तर तो अनधिकृत वापर ठरतो. शिवाय शेतीपंपाची वीज पाळीने येते. रात्री दोनला उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला दिवा तेव्हाच लागतो, त्यामुळे घरगुती मीटर वेगळंच घ्यावं.

गैरसमज २ : एवढ्याशा खोलीला खोल पाया कशाला?

वस्तुस्थिती : काळ्या मातीत लहान, हलक्या बांधकामालाच जास्त धोका असतो. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मोठी इमारत आपल्या वजनाने मातीला काही प्रमाणात दाबून धरते. एकमजली खोलीला ती उचलते, सोडते आणि दोन-तीन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. दख्खनच्या काळ्या मातीत ही हालचाल साधारण साडेतीन मीटरपर्यंत पोचते. दीड-दोन फूट खणून दगड भरले की पाया झाला, ही समजूत म्हणूनच फसवी.

यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे जागेची निवड. मुखेडचा बराच भाग बालाघाटच्या डोंगररांगेत येतो. शेताच्या एखाद्या कडेला मुरमाड माळ असतो आणि तिथे पीकही जेमतेमच येतं. खोली तिथे काढावी. तशी जागा नसेल तर काळी माती काढून मुरमाचे थर पाणी मारून, धुम्मस करून भरावेत. माती फारच खोल असेल तर तळाशी फुगीर बल्ब असलेल्या छोट्या काँक्रीट खांबांचा पाया घ्यावा. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केलेली ही पद्धत अशाच जमिनीसाठी आहे. आणि पाया कोणताही असो, भोवती तीन फुटांचा कोबा करून न्हाणीचं पाणी भिंतीपासून लांब काढावं.

गैरसमज ३ : दगडमातीचं घर जीव घेतं, स्लॅबचं घर वाचवतं.

वस्तुस्थिती : ही धास्ती किल्लारीच्या भूकंपाची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायच्या आत, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे दहा हजार माणसं गेली. पण माणसं मेली ती बांधणीतल्या दोषांमुळे. भिंती दोन-तीन फूट जाड होत्या, मात्र आतला आणि बाहेरचा थर सुटा, मध्ये गिट्टी-माती, आणि दोन्ही थरांना सांधणारा आरपार दगड नाही. वर दर पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीची भर पडून जड झालेलं माळवद. लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा जिथे चांगला होता, तिथे भिंती ढासळूनही तो उभा राहिल्याची उदाहरणं आहेत.

उलट नुसत्या वीटभिंतीवर टाकलेला स्लॅब हाही डोक्यावरचा भारच असतो. त्या भिंतींना एकत्र बांधायला लिंटलच्या पातळीवर चारही बाजूंनी अखंड सळई-काँक्रीटचा पट्टा लागतो. लहान खोलीत त्याचा खर्च एकूण खर्चाच्या मानाने थोडा येतो, तरी पैसे वाचवायचे म्हटलं की आधी तोच गळतो. किल्लारी आता इतिहासजमा झाली असं मानायलाही जागा नाही. २१ मार्च २०२४ ला हिंगोली जिल्ह्यातल्या आखाडा बाळापूर परिसरात ४.५ रिश्टरचा भूकंप झाला आणि नांदेडपर्यंत भांडी वाजली.

गैरसमज ४ : वर चार पत्रे टाकले की स्वस्तात काम होतं.

वस्तुस्थिती : मे महिन्यात नांदेडकडचा पारा ४२ च्या पुढे जातो. तेव्हा पत्र्याखालची खोली दुपारी राहण्यासारखी नसते. उतारवयात घाम कमी येतो आणि तहानही उशिरा लागते, म्हणून तरण्या माणसाला नुसता त्रास देणारं ऊन म्हाताऱ्याला उष्माघातापर्यंत नेतं. स्लॅबही निर्दोष नाही. तो दिवसभर तापतो आणि ती धग रात्री खाली सोडतो.

पत्राच परवडत असेल तर वरून दर उन्हाळ्याच्या तोंडाला पांढरा चुना मारावा, आतून छत करून मध्ये हवेची पोकळी ठेवावी, पश्चिमेला ओसरी घ्यावी आणि समोरासमोर खिडक्या ठेवाव्यात. पत्रे हुकांनी लोखंडी पाइपांना घट्ट आवळावेत. वर दगड ठेवून भागवू नये. वावटळीत पत्रा उडतो तेव्हा तेच दगड खाली झोपलेल्यांवर येतात.

गैरसमज ५ : म्हाताऱ्यांना चढायला नको, म्हणून जोतं खाली ठेवू.

वस्तुस्थिती : ऑगस्ट २०२५ मध्ये लेंडी नदीचं पाणी मुखेड तालुक्यातल्या रावणगाव, हसनाळ, भासवाडी, भिंगोलीत रात्रीतून शिरलं. अशा वेळी चटकन उठून पळता न येणारी माणसं आधी अडकतात. ओढ्या-नाल्याच्या काठावर खोली काढूच नये आणि बाकी ठिकाणीही जोतं किमान दीड फूट घ्यावं.

चढण्याची अडचण उताराने सुटते, पण त्याचं गणित नीट करावं लागतं. सुरक्षित उतार म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. दीड फुटांच्या जोत्याला अठरा फूट झाले. मिस्त्री सहसा पाच-सहा फुटांत उरकतो, आणि तो उतार नसून घसरगुंडी होते. भिंतीच्या कडेकडेने, ओसरीला वळसा घालून अठरा फूट सहज बसतात. शेजारी सहा इंच उंचीच्या, रुंद पायऱ्या आणि पाइपाचा कठडाही असावा, कारण गुडघे दुखणाऱ्या काहींना उतारापेक्षा पायरीच बरी वाटते. दार तीन फुटी ठेवावं आणि उंबरा जमिनीच्या पातळीत घ्यावा.

गैरसमज ६ : संडास घरापासून लांबच बरा.

वस्तुस्थिती : रात्री अंधारात, पावसात, विंचूकाट्यातून वीस पावलं चालणं हेच म्हाताऱ्यांच्या पडण्याचं मोठं कारण. खोलीतूनच दार असलेला संडास हवा आणि पलंगापासून तिथपर्यंत धरायला भिंत हवी. बसायला कमोड, बाजूला भिंतीत घट्ट बसवलेला पाइप, खाली खरबरीत फरशी. दार बाहेर उघडणारं असावं, कारण आत माणूस पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं.

लांब ठेवायचा तो खड्डा. त्यासाठी मोठी टाकी बांधायची गरज नसते. दोन शोषखड्डे करावेत आणि एका वेळी एकच वापरावा. तो भरला की दुसरा सुरू करून पहिला दीड-दोन वर्षं बंद ठेवला की आतल्या मैल्याचं खत होतं. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, तिथे खड्डा मोठा घेऊन भोवती वाळू-खडीचा थर द्यावा. विहीर-बोअरपासून किमान १० ते १५ मीटर अंतर राखावं.

कमोड बसवणं लगेच जमत नसेल तर कमोड-खुर्चीवर काम भागतं. ६५ वर्षांपुढच्या, कमी उत्पन्नाच्या वृद्धांना अशा साधनांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेत एकदाच ३,००० रुपये मिळण्याची सोय २०२४ पासून आहे.

गैरसमज ७ : म्हाताऱ्यांचं रेशनकार्ड वेगळं केलं की घरकुल मिळतं.

वस्तुस्थिती : प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) नाव येतं ते कुटुंबाच्या सर्वेक्षणातून आणि ग्रामसभेच्या यादीतून. नुसत्या वेगळ्या कार्डाने ते येत नाही. योजनेत किमान २५ चौरस मीटरचं घर आणि सपाट भागात १ लाख २० हजारांचं मूळ अनुदान आहे. त्यात रोजगार हमीची मजुरी आणि शौचालयाचं अनुदान जोडता येतं. पैसे बांधकामाच्या टप्प्याटप्प्याने खात्यावर येतात. जागा लाभार्थ्याच्या मालकीची किंवा हक्काची लागते. जावयाच्या शेतात सासऱ्यांच्या नावाचं घरकुल बसवायला गेलं की गाडी इथेच अडते. त्यांचं नाव यादीत असेल तर त्यांच्या गावठाणातल्या जागेचाही विचार करावा. यादीत नाव नसेल तर त्या आशेवर दोन पावसाळे गळक्या घरात काढायला लावू नयेत.

गैरसमज ८ : आईबापांना सांभाळणं मुलाचंच काम, लेकीच्या दारात राहणं बरं नव्हे.

वस्तुस्थिती : लोक काय म्हणतील ते म्हणोत, कायदा असं म्हणत नाही. कल्याणच्या एका विवाहित डॉक्टर मुलीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच निकाल दिला की, लग्न झालेली मुलगीही आईवडिलांच्या पोटगीला बांधील आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात ‘अपत्य’ म्हणजे मुलगा, मुलगी आणि सज्ञान नातवंडं. सून आणि जावई त्या व्याख्येत नाहीत, पण जावयाच्या घरातली लेक आणि सुनेच्या घरातला मुलगा आहेच.

खोलीच्या बदल्यात जमीन नावावर करून घेण्याची घाई मात्र कोणीच करू नये. याच कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता तो सांभाळ झाला नाही तर परत मिळवता येते. पण अशी अट होती हे दाखवावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने या कलमाचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने, उदारपणे लावावा असंही सांगितलं. बक्षीसपत्र करायचंच असेल तर ‘हयातभर राहण्याचा हक्क आणि सांभाळ’ ही ओळ त्यातच लिहून घ्यावी. तक्रार उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करता येते.

गैरसमज ९ : वेगळी खोली म्हणजे त्यांना वेगळं काढलं.

वस्तुस्थिती : भिंतीने कोणी वेगळं होत नाही. हाक ऐकू न येण्याइतकं अंतर पडलं की होतं. खोली मोठ्या घराच्या मागे, गोठ्याच्या बाजूला ढकलू नये. ओसरी अंगणाकडे तोंड करून घ्यावी म्हणजे येणारा-जाणारा दिसतो. जुन्या वाड्यांतली ढाळज हेच काम करत होती. जेवण एका चुलीवर असलं तरी सासूबाईंच्या खोलीत चहापुरता ओटा आणि गॅस ठेवावा. आल्या-गेल्याला स्वतःच्या हातचा चहा देता येणं हा त्यांचा मान आहे. पलंगाजवळ एक बटण आणि मोठ्या घरात घंटी, एवढ्या वायरीला फारसा खर्च येत नाही.

पैसे कमी पडले तर कात्री कुठे लावायची हेही आधीच ठरवावं. गिलावा, रंग, टाइल्स, कपाट पुढच्या सुगीला करता येतं. पाया, लिंटलचा पट्टा, लागून असलेला संडास आणि उतार नंतर करायचे म्हटले तर घर फोडावं लागतं. आणि खोली काढायची की नाही, कुठे काढायची, हे सगळं ठरवण्याच्या बैठकीला सासू-सासऱ्यांना बसवावं. तिथे राहायचं त्यांना आहे.