ऑइलची लाइट लागली? इंजिन खोलण्याआधी प्रेशर मोजा!



गॅरेज टाकायचं म्हटलं की आपण आधी जागा, बोर्ड आणि पान्यांचा सेट यांचा हिशेब करतो. पण गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येतं ते बोर्ड बघून नाही, तर तुम्ही बिघाड नेमका ओळखलात म्हणून. आज त्याचं एकच उदाहरण घेऊ: ऑइलचं प्रेशर कमी होणं.

समजा, मुरब्यात तुमचं छोटं गॅरेज आहे. खाडीपलीकडे सातपाटी, इकडे बोईसरचा रस्ता आणि पुढे तारापूर एमआयडीसी. कंपनीच्या कामगारांची ने-आण करणारा गाडीवाला सकाळीच फोन करतो, "दादा, ऑइलची लाल लाइट लागलीय. गाडी चालतेय, घेऊन येऊ का?"

तुमचं उत्तर ठरलेलं हवं: "नको. बाजूला घ्या, इंजिन बंद करा. मी येतो."

कारण साधं आहे. क्रँक आणि बेअरिंग एकमेकांना घासू नयेत म्हणून मध्ये ऑइलचा पातळ थर असतो आणि तो प्रेशरवर टिकतो. प्रेशर गेलं की धातूवर धातू घासतो. तशीच गाडी बोईसरपर्यंत दामटली तर किरकोळ दुरुस्तीच्या जागी अख्खं इंजिन बांधायची वेळ येऊ शकते. त्याची गाडी बंद म्हणजे त्याची कमाई बंद.

आता तपासणी. स्वस्तातून महागाकडे जायचं, उलट नाही.

१. ऑइलची पातळी. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली. डिपस्टिक पुसा, परत घाला, मग बघा. पातळी खालच्या खुणेच्याही खाली असेल तर योग्य ग्रेडचं ऑइल भरा, पण तिथे थांबू नका. ते गेलं कुठे? फिल्टर, ड्रेन बोल्ट, ऑइल सील बघा. सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल तर इंजिन ऑइल जाळतंय.

२. ऑइलची अवस्था. पातळी वरच्या खुणेच्याही वर गेलीय आणि डिझेल-पेट्रोलचा वास येतोय? मग इंधन मिसळून ऑइल पातळ झालंय. दुधाळ दिसतंय? पाणी किंवा कूलंट शिरलंय. शेवटचं ऑइल कधी आणि कोणत्या ग्रेडचं टाकलं, तेही विचारा.

३. स्विच आणि वायर. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी ही लाइट लागायलाच हवी. एका वायरीचा साधा स्विच असेल तर चावी चालू ठेवून ती वायर काढा. लाइट तरीही लागलेलीच असेल तर वायर कुठेतरी बॉडीला लागून शॉर्ट झालीय. नव्या गाड्यांत सेन्सर वेगळा असतो, तिथे स्कॅनर लावा.

४. गेज. इंजिनमधून ठोकल्यासारखा आवाज येत नसेल तरच ही पायरी. स्विच काढून त्याच जागी मेकॅनिकल प्रेशर गेज बसवा. थंड असताना, पूर्ण गरम झाल्यावर आयडलिंगला आणि २००० आरपीएमला रीडिंग घ्या. दर १००० आरपीएमला साधारण १० पीएसआय, म्हणजे ०.७ बार, हा जुना ठोकताळा आहे. खरा आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच धरा.

रीडिंग बरोबर आलं तर बिघाड स्विचचा किंवा वायरिंगचा. इंजिनला हात लावायचा नाही! रीडिंग खरंच कमी असेल तर आधी योग्य ग्रेडचं ऑइल आणि चांगला फिल्टर. तरीही कमीच? चेंबर उतरवा, स्ट्रेनरची जाळी काळ्या गाळाने तुंबलीय का बघा. मग ऑइल पंप आणि रिलीफ व्हॉल्व्ह. सगळ्यात शेवटी बेअरिंग. गरम इंजिनला फक्त आयडलिंगलाच लाइट लागते आणि रेस दिली की विझते, तेव्हा ऑइल पातळ झालंय किंवा पंप-बेअरिंग झिजलेत, असा संशय घ्या.

एक शॉर्टकट टाळा. जाड ऑइल टाकून लाइट विझवता येते. गिऱ्हाईक खूश होऊन जातं, पण झीज तशीच राहते. शिवाय जाड ऑइल थंड इंजिनात वरपर्यंत उशिरा पोहोचतं. महिन्याभराने इंजिन जाम झालं तर गावात नाव तुमचंच निघणार.

आता धंद्याचं बोलू.

तपासणीचे पैसे वेगळे लावा आणि ते आधी सांगा. "मी अंदाज सांगत नाही, मोजून सांगतो," हे वाक्य बोलायला लाजू नका. गेजच्या रीडिंगचा फोटो गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅप करा. चेंबर उतरवण्याआधी खर्च सांगून होकार घ्या. एक वही ठेवा: गाडी नंबर, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड, रीडिंग. वर्षभरात हीच वही तुमची खरी पुंजी होईल.

किनाऱ्यावरच्या गावाचं गणितही समजून घ्या. पावसाळ्यात मासेमारी बंदी असते, तेव्हा मासळी वाहणाऱ्या बऱ्याच गाड्यांना काम कमी असतं. ऑइल बदलणं, चेंबर साफ करणं ही कामं त्या दिवसांत ठरवून घ्या. सीझन चालू असताना गाडी अडकली तर मालकाचं नुकसान मोठं.

आणि काढलेलं ऑइल खाडीत किंवा गटारात कधीच नाही. कायद्याने तो घातक कचरा आहे. ड्रममध्ये साठवा, अधिकृत रिसायकलरला द्या. त्याच खाडीवर आपल्या गिऱ्हाइकांचं पोट आहे.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या भागात सर्वात जास्त चालणाऱ्या तीन गाड्या निवडा. प्रत्येकीचा ऑइल ग्रेड, ऑइल किती लिटर लागतं आणि मॅन्युअलमधलं प्रेशर एका पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावा. बोर्ड रंगवायच्या आधी हा पुठ्ठा तयार हवा.