संगणक वस्तू कशा ओळखतो?

मुलांनो, तुमच्या वर्गात एकदा नजर फिरवा. फळा, बाक, खुर्ची, दप्तर, पाण्याची बाटली अशा कितीतरी वस्तू तुम्हांला दिसतील. उर्दूत तुम्ही जिला 'कुर्सी' म्हणता, तिलाच मराठीत 'खुर्ची' म्हणतात. नाव कोणतेही असो, ती ओळखायला तुम्हांला क्षणभरही लागत नाही. खुर्ची लाकडी असो की लोखंडी, सरळ असो की उलटी ठेवलेली, एक पाय मोडलेली असली तरी ती खुर्चीच आहे हे तुम्ही चटकन सांगता.

संगणकाला हे काम फार अवघड गेले. कारण संगणकाला खुर्ची ठाऊक नसते, साबण ठाऊक नसतो. त्याला फक्त आकडे कळतात. मग आकड्यांच्या या यंत्राला वस्तूंची ओळख कशी करून दिली गेली? त्याची ही गोष्ट आहे.

सुरुवात नॉर्वे या देशात झाली. तेथील ओस्लो शहरात क्रिस्टन न्यूगार्ड आणि ओले-योहान डाल हे दोन शास्त्रज्ञ काम करत होते. जगातील घडामोडींची नक्कल संगणकावर करून पाहावी, असे त्यांना वाटत होते. समजा, एका पुलावर टोलनाका आहे. त्याच्यासमोर ट्रक आणि बस यांची रांग लागली आहे. प्रत्येक वाहनाला किती वेळ थांबावे लागेल? हे संगणकाला विचारायचे असेल, तर आधी त्याला ट्रक म्हणजे काय आणि बस म्हणजे काय हे सांगायला हवे.

या विचारातून त्यांनी 'सिम्युला ६७' नावाची संगणकाची भाषा तयार केली. तिच्यात एक नवी कल्पना होती. वस्तूची माहिती आणि वस्तूचे काम या दोन्ही गोष्टी एकाच गाठोड्यात बांधायच्या. ट्रकचे वजन किती, ही झाली माहिती. ट्रक पुढे सरकतो, थांबतो, हे झाले काम. असे प्रत्येक गाठोडे म्हणजे संगणकातील एक 'वस्तू', म्हणजेच 'ऑब्जेक्ट'.

त्यांनी आणखी एक सोय केली. ट्रक आणि बस यांच्यात काही गोष्टी समान असतात. दोघांनाही चाके असतात, दोघेही रांगेत उभे राहतात. या समान गोष्टी 'वाहन' या नावाखाली एकदाच लिहायच्या. ट्रकला आणि बसला त्या आपोआप मिळतात. या सोयीला 'वारसा' म्हणतात. 'वारिस' आणि 'विरासत' हे उर्दू शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. मराठीतील 'वारस' आणि 'वारसा' हे त्यांचेच भाऊबंद आहेत. वडिलांची जमीन मुलांकडे येते, तसे 'वाहना'चे गुण ट्रककडे येतात. आज जगातील बऱ्याच संगणक-भाषा या कल्पनेवर उभ्या आहेत. या कामासाठी डाल आणि न्यूगार्ड यांना २००१ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

आता दुसरा प्रश्न पाहू. हजारो, लाखो वस्तूंची माहिती साठवायची कशी? अशा साठ्याला 'डेटाबेस' म्हणतात. १९७० साली एडगर कॉड या शास्त्रज्ञाने एक सोपा मार्ग सुचवला. सगळी माहिती तक्त्यांत मांडायची. तुमच्या शाळेच्या ग्रंथालयाचे उदाहरण घ्या. एका तक्त्यात पुस्तकांची नावे, दुसऱ्यात विद्यार्थ्यांची नावे आणि तिसऱ्यात कोणते पुस्तक कोणी नेले याची नोंद. तिन्ही तक्ते जुळवले की कोणतेही उत्तर मिळते. बँका, रेल्वे, कचेऱ्या यांना ही पद्धत फार उपयोगी पडली.

परंतु सर्वच गोष्टी तक्त्यात नीट बसत नाहीत. मोटारीच्या इंजिनाचा आराखडा घ्या. त्यात शेकडो भाग असतात. एका भागात दुसरा, दुसऱ्यात तिसरा. हे सारे ओळींत आणि रकान्यांत तोडून लिहायचे, आणि पाहताना पुन्हा जोडायचे, म्हणजे कपाट उचलण्यासाठी रोज त्याचे खिळे काढण्यासारखे झाले. म्हणून १९८० नंतरच्या दशकात संशोधकांनी 'वस्तूंचे डेटाबेस' तयार केले. त्यांत संपूर्ण वस्तू जशीच्या तशी ठेवता येत असे. ही पद्धत काही ठराविक कामांत वापरली गेली, पण तक्त्यांची जागा ती घेऊ शकली नाही. पुढे तक्त्यांच्या पद्धतीनेच वस्तूंच्या काही कल्पना आपल्यात सामावून घेतल्या.

येथपर्यंत एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. या सर्व वस्तूंचे वर्णन माणसाने लिहून दिले होते. ट्रक कसा असतो हे माणूस सांगे, संगणक ते मानून चाले. पण संगणकासमोर नुसते छायाचित्र ठेवले आणि 'यात काय आहे?' असे विचारले, तर?

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६३ साली लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी हा प्रयत्न केला. त्यांनी ठोकळ्यांची छायाचित्रे संगणकाला दिली आणि कडांवरून ठोकळ्याचा आकार शोधायला लावला. १९६६ मध्ये त्याच संस्थेत सेमूर पॅपर्ट यांनी एक उन्हाळी प्रकल्प आखला. चित्रातील वस्तू ओळखून तिचे नाव सांगणे हे त्याचे अंतिम उद्दिष्ट होते. एका उन्हाळ्यासाठी आखलेल्या या कामाला पुढे अनेक दशके लागली.

असे का झाले? संगणकाच्या दृष्टीने छायाचित्र म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी. प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो. साध्या काळ्या-पांढऱ्या चित्रात बहुधा ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा. खिडकी उघडली, प्रकाश वाढला, की सगळे आकडे बदलतात. खुर्ची थोडी फिरवली तरी आकडे बदलतात. मग 'खुर्ची' ओळखण्याचा नियम लिहायचा तरी कसा?

शेवटी संशोधकांनी नियम लिहिण्याऐवजी उदाहरणे देण्याचा मार्ग धरला. लहान मूल व्याख्या पाठ करून मांजर ओळखत नाही. ते अनेक मांजरे पाहते. फेय-फेय ली या संशोधिकेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली 'इमेजनेट' नावाचा चित्रसंग्रह जगापुढे ठेवला. पुढे त्यात १ कोटी ४० लाखांहून अधिक चित्रे जमली. प्रत्येक चित्रात काय आहे हे माणसांनी पाहून ठरवले. १६७ देशांतील जवळजवळ ५० हजार लोकांनी या कामाला हातभार लावला.

या संग्रहावर दरवर्षी स्पर्धा होऊ लागली. २०१२ साली कॅनडातील टोरांटो विद्यापीठाचे अलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुट्स्केव्हर आणि जेफ्री हिंटन यांनी ती जिंकली. त्यांच्या यंत्रणेत अनेक थर होते. पहिला थर कडा आणि रंग शोधतो. पुढचे थर त्यांपासून आकार आणि वस्तूंचे भाग जुळवतात. शेवटचा थर नाव सांगतो. नाव चुकले, की यंत्रणेच्या आतील आकडे किंचित बदलले जातात. १२ लाख चित्रांवर हे पुन्हा पुन्हा केले गेले. प्रत्येक चित्राला पाच उत्तरे देण्याची मुभा होती. तरीही दुसऱ्या क्रमांकाची यंत्रणा शंभरात सुमारे २६ वेळा चुकली. ही यंत्रणा सुमारे १५ वेळाच चुकली. तेव्हापासून हीच पद्धत सर्वत्र पसरली.

तर मग प्रश्न सुटला का? नाही. २०१९ मध्ये फेसबुकच्या संशोधकांनी अशा अनेक यंत्रणा तपासल्या. त्यांनी पन्नासहून अधिक देशांतील, श्रीमंत आणि गरीब, अशा घरांतील वस्तूंची छायाचित्रे वापरली. नेपाळमधील एका घरातील साबणाच्या वडीचे चित्र दाखवल्यावर यंत्रणांकडून चीज, ब्रेड अशी उत्तरे आली. ब्रिटनमधील घरातला बाटलीतला साबण मात्र त्यांच्यापैकी काहींना ओळखता आला. गरीब घरांतील वस्तू ओळखताना चुका अधिक होत होत्या. यंत्राच्या मनात गरिबांविषयी राग नव्हता. शिकताना त्याला तशी घरे फारशी दाखवलीच गेली नव्हती.

मुलांनो, ही बाब किरकोळ समजू नका. साबण चुकला तर हसून सोडून देता येईल. पण रस्त्यावरची वाहने, रुग्णाच्या फुप्फुसाचे चित्र, माणसाचा चेहरा अशा गोष्टीही आता यंत्रांना दाखवल्या जातात. तेथे झालेली चूक कोणाच्या तरी जिवावर बेतू शकते. ती चूक नेहमी त्याच लोकांच्या वाट्याला येत असेल, तर तो अन्यायच होय.

ओस्लोमध्ये ट्रकचे वर्णन माणसाने लिहिले होते. इमेजनेटमधील चित्रेही माणसांनीच गोळा केली. यंत्र कितीही हुशार झाले, तरी त्याला काय दाखवायचे आणि काय वगळायचे, हे माणूसच ठरवतो. तुमच्यापैकी काही जण उद्या हे काम करतील. त्या वेळी आपल्या घरातली वस्तू तर दाखवाच. पण आपण कधी पाहिलेच नाही, अशा घरांतील वस्तूही आवर्जून शोधा.