नाताळचे ताट आणि शेजाऱ्याचा उंबरा

डिसेंबरचा उत्तरार्ध लागला की मीरा रोडच्या इमारतींच्या सज्ज्यांतून कागदाच्या चांदण्या टांगलेल्या दिसू लागतात. हाटकेशच्या बाजूस एकीकडे कारखान्यांचे गाळे आणि दुसरीकडे बिऱ्हाडांनी गजबजलेल्या इमारती अशी वस्ती आहे. तेथेही त्या दिसतात. हाटकेश हे नाव शंकराचे, आणि त्या नावाच्या वस्तीत ख्रिस्तजन्माचे दिवे लागतात, यात ज्या कोणास विसंगती वाटत असेल त्याच्यासाठीच प्रस्तुत लेख लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. ज्यांस ती वाटत नाही त्यांनीही तो वाचल्यास त्यांचे नुकसान होणार नाही. कारण आमचा प्रश्न दिव्यांविषयी नसून ताटाविषयी आहे.

नाताळच्या दिवशी ख्रिस्ती घरांतून शेजारपाजारी फराळाचे ताट पाठविण्याचा प्रघात जुना आहे. गोव्याकडील मंडळी या फराळास कुसवार म्हणतात. तीत नेवऱ्या, कलकल, दोदोल असे जिन्नस असतात. वसई, उत्तन, गोराई या पट्ट्यातील ईस्ट इंडियन म्हणविणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांतही असाच फराळ होतो. पुणे व अहिल्यानगर जिल्ह्यांतील मराठी ख्रिस्ती घरांत तर करंज्या, चकल्या, लाडू व शंकरपाळे यांवाचून नाताळ साजरा झाल्यासारखा वाटत नाही. तो फराळ दिवाळीचा की नाताळचा हे ताटावरून ओळखणे कठीण. ज्या घरी वर्षभरात मृत्यू घडला असेल त्या घरी गोव्यातील कुटुंबे गोडधोड करीत नाहीत, शेजारी त्यांच्याकडे पाठवितात. आपल्याकडे याहून वेगळे काय होते? नेवरी आणि करंजी यांतील भेद शोधण्यासाठी पंडितांची परिषद भरविली तरी हाती फारसे काही लागेल असे आम्हांस वाटत नाही.

हे ताट अलीकडे किती दारांतून आत जाते आणि किती दारांवरून ‘नको, आमच्याकडे चालत नाही’ एवढे ऐकून परत फिरते, हा आमचा प्रश्न आहे. हीच नकार देणारी मंडळी त्याच आठवड्यात मुलांस घेऊन मोठ्या दुकानांच्या दिवाणखान्यात उभारलेले नाताळचे झाड पाहण्यास जातात आणि लाल टोपी घातलेल्या नाताळबाबाच्या मांडीवर मुलास बसवून त्याचे छायाचित्र काढवितात. व्यापाऱ्याचा नाताळ चालतो आणि शेजाऱ्याचा चालत नाही, असा हा न्याय आहे.

या बाबतीत यजमान कोण व पाहुणा कोण हे प्रथम नीट ठरविले पाहिजे. कारण आमच्या समजुतीत येथेच मोठा गोंधळ आहे. सन २०११ च्या खानेसुमारीत मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत ८,०९,३७८ माणसे मोजली गेली. नगरपालिका झाली ती १९८५ साली आणि महापालिका २००२ साली. म्हणजे या शहरातील बहुसंख्य रहिवासी, मग ते कोकणातील असोत, गुजराथेतील असोत वा उत्तरेकडील असोत, गेल्या चार-पाच दशकांत येथे आलेले आहेत. त्यापूर्वी येथे मिठागरे, भातशेते आणि कोळी, आगरी व ख्रिस्ती लोकांची गावे होती. उत्तन, डोंगरी, पाली, चौक या गावांतील ख्रिस्ती कोळी व शेतकरी आपल्या होड्या व शेते सांभाळीत पिढ्यान्‌पिढ्या येथे नांदत आले आहेत. तेव्हा नाताळचे ताट घेऊन दाराशी उभ्या राहिलेल्या बाईस आपण ‘अल्पसंख्याक’ या शब्दाने ओळखतो, तरी या भूमीच्या नात्याने पाहता तिचा समाज घरचा व आपण पाहुणे असा प्रकार पुष्कळदा असतो. मीरा रोडच्या इमारतींतील गोव्याचे, मंगळूरचे व केरळचे ख्रिस्ती नवखे आहेत हे खरे. पण ते जितके नवखे तितकेच आपणही.

या जुन्या ख्रिस्ती समाजाची भाषा कोणती, हाही प्रश्न काहीजण करतात. २०२५ च्या जुलै महिन्यात मीरा रोडवर मराठी भाषेच्या प्रश्नावरून मोर्चे निघाले व प्रतिमोर्चेही निघाले, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. त्या गदारोळात उत्तनच्या कोळणीची आठवण कोणास झाल्याचे आम्हांस दिसले नाही. ती घरी जी बोली बोलते ती मराठीचीच बोली आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने गोव्यात बसून मराठी ओव्यांत रचिलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. आणि वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे २०२० साली उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, येथे भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ते धर्मगुरू आहेत म्हणून त्यांच्या निवडीस काहींनी हरकत घेतली होती. ज्यांनी ‘सुबोध बायबल’ मराठीत आणिले व ‘सुवार्ता’ मासिक चालविले त्यांस मराठी साहित्याच्या व्यासपीठावर बसण्याचा अधिकार नाही, असे म्हणण्यास विशेष प्रकारचे धैर्य लागते. २०२४ साली ते निवर्तले. ‘नाताळ’ हा शब्दच पोर्तुगीजांकडून आला आणि मराठीत असा मुरला की पाव, चावी, पगार व काजू यांप्रमाणे त्याचे परकेपण कोणास आठवत नाही.

पोर्तुगीज सत्तेने या किनाऱ्यावर धर्माच्या बाबतीत जी सक्ती केली तिचे समर्थन आम्ही करणार नाही. राष्ट्रीय बाण्याच्या कोणाही माणसाने ते करू नये. परंतु त्या सक्तीचा हिशेब चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसईच्या तटाखाली पुरा केला. त्या मे महिन्यात वसईचा तह झाला त्यात मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस आपल्या धर्माप्रमाणे उपासना करण्याची मोकळीक दिली गेली होती. ज्या विजेत्यांच्या मनात लढाईचा संताप ताजा होता त्यांनी जे कलम मान्य केले, ते पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळानंतर इमारतीच्या व्यवस्थापक समितीस जड जावे, याला काय म्हणावे?

ख्रिस्ती यजमानाच्या घरचे घेतले म्हणून महाराष्ट्रात केवढे रामायण होऊ शकते याचे प्रसिद्ध उदाहरण पुण्याचे आहे. १८९० च्या ऑक्टोबर महिन्यात पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी निमंत्रणावरून जमली. न्यायमूर्ती रानडे त्यांत होते, टिळकही होते. सभेनंतर यजमानांनी चहा व बिस्किटे पुढे केली. कोणी चहा घेतला, कोणी नुसता ओठांस लाविला, कोणी तसाच ठेविला. पुढे आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात प्रसिद्ध करविली आणि एका पेल्यावरून सबंध शहर दुभंगले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. त्यांच्या वतीने चौकशी बसली. कायद्याच्या न्यायालयात चालावा तसा युक्तिवाद झाला. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले, आणि त्यांच्याच सुधारक अनुयायांस ते फार लागले. रानड्यांच्या त्या कृतीचा बचाव अनेकांनी अनेक प्रकारे केला आहे. कुटुंबातील व स्नेह्यांतील माणसांस होणारा जाच थांबावा हा त्यांचा हेतू थोर होता. परंतु त्या प्रायश्चित्ताने यजमानाचा चहा अशुद्ध होता हे कबूल केल्यासारखे झाले, आणि आमच्या मते ती किंमत भारी होती.

या प्रकरणाविषयी आम्ही जे जे वाचले त्यात चहा पिणाऱ्यांच्या अडचणींचा खल पुष्कळ आहे. ज्यांनी चहा करविला, पेले मांडले, पाहुण्यांस आग्रह केला, त्यांस पुढील दोन वर्षे वर्तमानपत्रे वाचून काय वाटले असेल, याचा विचार आमच्या वाचनात तरी आलेला नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांस या गोष्टीची दुसरी बाजू ठाऊक आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहावयास आल्या तेव्हाही त्यांचे सोवळे सुटले नव्हते. पतीच्या घरात राहून त्या वेगळा स्वयंपाक करीत. ते सोवळे पुढे सुटले ते कोणाच्या व्याख्यानाने नव्हे, तर रोजच्या सहवासाने व स्वतःच्या विचाराने.

आज पेल्याचा विटाळ उघडपणे कोणी बोलून दाखवीत नाही. त्याच्या जागी नवा संशय आला आहे व त्याने कायद्याचा अंगरखा घातला आहे. ओरिसाने १९६७ साली व मध्यप्रदेशाने १९६८ साली धर्मांतराविषयी कायदे केले. त्यांत आमिष अथवा प्रलोभन या शब्दाच्या व्याख्येत रोख किंवा वस्तुरूप भेट येते. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्टॅनिस्लॉस यांच्या खटल्यात हे दोन्ही कायदे वैध ठरविले आणि राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदातील धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा हक्क येत नाही असा निर्णय दिला. या निर्णयावर कायदेपंडितांत मतभेद आहेत, त्यांत आम्ही येथे शिरत नाही. परंतु ‘भेट म्हणजे प्रलोभन’ असा जो अर्थ बाजारात प्रचलित झाला आहे तो त्या कायद्यांतही नाही, हे वकिलीचा व्यवसाय केलेल्या आम्हांस स्पष्टपणे सांगितले पाहिजे. तेथे गुन्हा आहे तो प्रलोभनाच्या साधनाने धर्मांतर करण्याचा वा तसा प्रयत्न करण्याचा. साधन आणि हेतू यांची गाठ पडल्यावाचून गुन्हा उभा राहत नाही. जो कोणी दारात भेटेल त्या प्रत्येकास, त्याचा धर्म न विचारता, वर्षातून एकदा चार करंज्या देणाऱ्या गृहिणीच्या ठिकाणी तो हेतू शोधावयाचा, तर दिवाळीस ख्रिस्ती शेजाऱ्याकडे फराळ पाठविणाऱ्या प्रत्येक हिंदू गृहिणीसही त्याच पिंजऱ्यात उभे करावे लागेल.

ही भीती कल्पनेतील नाही. २०१७ च्या डिसेंबरात मध्यप्रदेशातील सतना येथे नाताळची गीते गाण्यास गेलेल्या धर्मशिक्षणाच्या विद्यार्थ्यांस जमावाने अडविले, पोलीस ठाण्यात नेण्यात आले, आणि त्यांची विचारपूस करण्यास गेलेल्या धर्मगुरूंची मोटार जाळण्यात आली. आमच्या मुंबईने असा प्रसंग फार पूर्वी पाहिला आहे, आणि तोही इंग्रजांच्या राज्यात! १८८२ साली मुक्तिफौजेची पहिली तुकडी मुंबईस उतरली व वाद्ये वाजवीत रस्त्यातून निघाली, तेव्हा शांतताभंगाच्या भीतीने सरकारने त्यांस अटक करून शिक्षा देवविल्या. केशवचंद्र सेन यांच्यासारख्या ब्राह्मसमाजाच्या पुढाऱ्याने त्या वेळी ख्रिस्ती गायकांची बाजू घेतली. परक्या सरकारने ख्रिस्ती माणसाचे गाणे थांबविले आणि एतद्देशीय हिंदूने त्याच्या हक्कासाठी आवाज उठविला, ही आमच्या राष्ट्रीय परंपरेतील गोष्ट आहे.

आता ख्रिस्ती बंधूंसही दोन शब्द. नाताळच्या सुमारास गरीब वस्त्यांतून धान्य, घोंगड्या, मुलांस खाऊ वाटण्याचे काम अनेक चर्चांतील मंडळी करतात व ते स्तुत्य आहे. परंतु जेथे घोंगडीच्या घडीत उपदेशाचे पत्रक ठेविले जाते, तेथे घेणारा मोकळेपणाने घेऊ शकत नाही व संशय घेणाऱ्यास आयते निमित्त मिळते. उपदेश करण्याचा अधिकार राज्यघटनेने दिला आहे. त्याची वेळ व जागा निराळी ठेवावी. दुसरे असे की, ज्या चर्चांत नाताळचा सर्व कार्यक्रम इंग्रजीत चालतो त्यांनी शेजाऱ्यांस बोलावण्याची एखादी संध्याकाळ तरी मराठीत करावी. गव्हाणीचा देखावा पाहण्यास आलेल्या माणसास त्याची कथा कोणी त्याच्या भाषेत सांगितली तर तो अधिक वेळ थांबेल. ध्वनिक्षेपकाच्या बाबतीत मात्र त्यांच्याकडून इतरांनीच धडा घ्यावा. रात्री दहानंतरच्या निर्बंधामुळे मुंबईतील पुष्कळ चर्चांनी मध्यरात्रीची मिस्सा अलीकडे आणिली. २००० सालच्या नियमांखाली वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत बारा वाजेतो सूट देण्याचा अधिकार राज्य सरकारास आहे. तो अधिकार वापरताना कोणत्या सणास किती रात्री मिळतात हे ज्याने त्याने पाहावे.

राहता राहिली खाण्यापिण्याची अडचण. मीरा-भाईंदरात शाकाहारी कुटुंबे पुष्कळ आहेत आणि केकमध्ये अंडे असते ही शंका खोटी नव्हे. त्यावर उपाय साधा आहे: विचारावे. शेजारीण सांगेल, आणि पुढच्या वर्षी कदाचित बिनअंड्याचा जिन्नस वेगळा काढून ठेवील. न विचारता दार लोटून घेणे याला व्रत म्हणत नाहीत. गृहनिर्माण संस्थांच्या समित्यांसही आमची विनंती आहे की, नाताळची गाणी म्हणत जिने चढणाऱ्या मुलांस त्यांनी गणपतीची वर्गणी मागणाऱ्या मुलांइतकेच मोकळेपणाने येऊ द्यावे.

शेजाऱ्याकडून आलेले भांडे रिकामे परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, असा आपल्या घरांतील जुना शिरस्ता आहे. नाताळ २५ डिसेंबरास, संक्रांत १४ जानेवारीच्या सुमारास. मध्ये जेमतेम तीन आठवडे. हाटकेशच्या ज्या घरी यंदा हे ताट आले असेल, त्यांनी ते घासूनपुसून ठेवावे आणि तिळाच्या वड्या थापून झाल्या की घरातील मुलाच्या हाती देऊन वरच्या मजल्यावर पाठवावे.