साठावं मत

अमेरिकेच्या सिनेटमध्ये चर्चा लांबवत नेऊन विधेयक रखडवता येतं. चर्चा थांबवायची तर शंभरपैकी 60 मतं लागतात. 2009च्या डिसेंबरात बराक ओबामांच्या आरोग्यविमा विधेयकामागे मोजून साठ सदस्य होते. त्यामुळे एखाद्याचा ताप किंवा बर्फात अडकलेली गाडी हासुद्धा राष्ट्रीय प्रश्न होऊन बसला.

सगळ्यांची नजर होती वेस्ट व्हर्जिनियाच्या रॉबर्ट बर्ड यांच्यावर. वय 92, चाकाच्या खुर्चीतून सभागृहात आणावं लागे. वॉशिंग्टनमध्ये नुकतंच हिमवादळ होऊन गेलेलं, आणि चर्चा थांबवण्याचं मतदान रात्री एक वाजता. त्याच्या काही तास आधी ओक्लाहोमाचे रिपब्लिकन टॉम कोबर्न भर सभागृहात म्हणाले की, आज रात्री कुणाला तरी मतदानाला येता येऊ नये अशी प्रार्थना जनतेनं करावी. नाव घेतलं नाही, पण रोख कुणाकडे ते सांगायला ज्योतिषी नको होता. बरं, हे कोबर्न पेशानं डॉक्टर!

बर्ड आले. 24 डिसेंबरला सकाळी सातच्या अंतिम मतदानालाही आले आणि हे मत माझा मित्र टेड केनेडी याच्यासाठी, असं सांगून त्यांनी होकार भरला. सगळ्यात मोठी गंमत केली ती बहुमताचे नेते हॅरी रीड यांनी. ज्या विधेयकासाठी महिनोन्‌महिने एकेकाची मनधरणी केली, त्याच्यावरच नाव पुकारताच ते ‘नाही’ म्हणून मोकळे झाले. सभागृहात हशा पिकला आणि त्यांनी मत सुधारून घेतलं. विधेयक 60 विरुद्ध 39 मतांनी मंजूर झालं.

त्यातलं मॅसॅच्युसेट्सचे दिवंगत सिनेटर केनेडी यांच्या जागेचं मत कसं टिकलं, ही कथा निराळीच. मॅसॅच्युसेट्समध्ये रिकामी जागा भरण्याचा गव्हर्नरचा अधिकार 2004 मध्ये डेमोक्रॅट आमदारांनीच काढून घेतला होता. कारण तेव्हा गव्हर्नर होते रिपब्लिकन मिट रॉम्नी. 2009 मध्ये मेंदूच्या कर्करोगानं खंगलेल्या केनेडींनी, आपल्यामागे जागा रिकामी राहू नये म्हणून कायदा बदला, असं राज्यातल्या नेत्यांना पत्रानं कळवलं. 25 ऑगस्टला ते गेले आणि महिन्याभरात त्याच पक्षानं अधिकार परत दिला. आता गव्हर्नर आपला होता ना! पॉल कर्क यांची तात्पुरती नेमणूक झाली. मात्र जानेवारीच्या पोटनिवडणुकीत केनेडींची जागा रिपब्लिकन स्कॉट ब्राउन यांनी जिंकली आणि साठाचे एकोणसाठ झाले. आता विधेयकात बदल करून ते पुन्हा सिनेटमध्ये नेण्याची सोय उरली नाही. प्रतिनिधीगृहाला सिनेटचा मसुदा जसाच्या तसा गिळावा लागला: 219 विरुद्ध 212. कायद्यातल्या बऱ्याच गाठी या घाईत राहून गेल्या, असं मला वाटतं.

सात वर्षांनी तोच कायदा मोडीत काढायला रिपब्लिकन सरसावले, आणि पुन्हा मेंदूचा कर्करोग मध्ये आला. त्याचं नुकतंच निदान झालेल्या रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅकेन यांच्या डोळ्यावरच्या टाक्यांची जखम अजून ताजी होती. या वेळी साठाची अट नव्हती, साधं बहुमत पुरणार होतं. 28 जुलै 2017 च्या पहाटे, बरोबरी झाली तर निर्णायक मत द्यायला आलेले उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स बराच वेळ त्यांची समजूत घालत होते. मॅकेन पुढे आले, हात लांब केला आणि अंगठा खाली वळवला. डेमोक्रॅटांच्या बाकांवरून टाळ्या सुरू होताच त्यांचे नेते चक शूमर यांनी हातानं खुणावून त्या थांबवल्या. विरोधात 51 मतं पडली होती. त्यात स्वतः मूत्रपिंडाच्या कर्करोगावर उपचार घेत असलेल्या हवाईच्या मेझी हिरोनो याही होत्या.

तो अंगठा जगभर गाजला, पण माझ्या मते श्रेयाची वाटणी चुकली. मेनच्या सुझन कॉलिन्स आणि अलास्काच्या लिसा मर्कोव्स्की या दोन रिपब्लिकन बायांनी चर्चा सुरू करण्यालाच विरोध केला होता; तिथे मॅकेन मात्र बाजूनं होते. मर्कोव्स्कींवर तर ट्रम्प यांनी जाहीर टीका केली, मंत्र्याचा फोनही आला. त्या बधल्या नाहीत. त्या मतदानानंतर कॉलिन्स घरी परतल्या, तेव्हा बँगोरच्या विमानतळावर विमानाची वाट बघत बसलेल्या प्रवाशांनी त्यांना पाहून टाळ्या वाजवल्या. तिथे खुणावून थांबवायला शूमर नव्हते.