उतारावर नुसता ‘डी’ पुरत नाही

बुऱ्हाणपूरहून इंदूरला जायचं म्हणजे आधी असीरगडाखालची सातपुड्याची वाट, मग खंडवा, नर्मदा आणि शेवटी भेरूघाट. जाताना चढ, येताना उतार. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी आता ऑटोमॅटिक गाडी आहे. २०१४ मध्ये मारुतीची सेलेरिओ आली आणि एएमटी गिअर छोट्या गाड्यांतही मिळू लागला. क्लच गेला, तसा ‘डी’वर टाकलं की काम झालं, असा समजही पसरला. सपाटीवर तो खरा आहे. घाटात नाही.

‘डी’मध्ये गाडी पेट्रोल वाचवायला बहुतेक वेळा वरचा गिअर निवडते. त्या गिअरमध्ये इंजिन गाडीला फारसं धरून ठेवत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. हिशेब करून बघा: १,२०० किलोची गाडी १०० मीटर खाली उतरते, तेव्हा मोकळी होणारी ऊर्जा साडेतीन लिटर पाण्याला उकळी आणेल एवढी असते. नुसत्या ब्रेकने उतरलात, तर त्यातली बरीचशी उष्णता ब्रेकमध्येच जाते. पॅड फार तापले की पकड कमी होते. ब्रेक ऑइल उकळलं तर पेडल मऊ पडून खाली जातं.

खालच्या गिअरमध्ये उलटं होतं. चाकंच इंजिनला फिरवतात आणि इंजिन त्यांना अडवतं. सीव्हीटी गाडीत यासाठी बहुधा ‘एल’, ‘एस’ किंवा ‘बी’ असतं. एएमटीमध्ये ‘एम’वर घेऊन वजाकडे ढकलायचं. आपल्या गाडीत काय आहे, ते मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

पद्धत सोपी आहे:

१. उतार सुरू व्हायच्या आधी ब्रेकने वेग कमी करा. जोरात असताना एकदम ‘एल’ टाकू नका. आरपीएम लाल रेषेकडे उसळतो आणि ओल्या रस्त्यावर चाकं घसरू शकतात.
२. एकेक गिअर खाली या. इंजिनचा आवाज वाढेल, घाबरू नका.
३. वेग तरीही वाढला तर ब्रेक नीट दाबा, वेग उतरला की सोडा. पाय सतत पेडलवर ठेवू नका.
४. इंजिनने वेग कमी होताना मागचा लाल दिवा लागत नाही. मागे ट्रक असेल तर ब्रेकला हलका स्पर्श करून त्याला कळवा.
५. सपाटी आली की परत ‘डी’.

आणि न्यूट्रल? ‘उतारावर न्यूट्रल, पेट्रोल फ्री’ असं आमचे काकाही म्हणतात. पण आजच्या गाड्यांमध्ये गिअरमध्ये राहून अॅक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर बहुधा पेट्रोल बंदच करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. म्हणजे बचत नाहीच, वर इंजिनची पकडही गेली. इंजिनच बंद केलं तर आणखी वाईट: स्टिअरिंग जड होतं आणि थोड्या वेळात ब्रेकही.

चावी घरच्या मोठ्यांकडे असते, शेजारच्या सीटवर आपण असतो. मोठ्यांना शिकवायला संकोच वाटतो, मान्य. पण मागे आजी आणि लहान भावंडं बसलेली असतात. घाटमाथ्यावर ‘पप्पा, आता एल टाका ना’ एवढं म्हणायला काहीच हरकत नाही.