वाटी पुन्हा पुन्हा का पडते?

महाडजवळ, सावित्रीच्या काठी असलेल्या सव गावाला गरम पाण्याची कुंडं आहेत. नवखा माणूस तिथे आधी बोट बुडवून बघतो, मग पाय सोडतो. अनोळखी पाण्याची ओळख हातानेच होते. बाळाचंही तसंच.

तिथल्याच एखाद्या ओटीवर दहा महिन्यांचं बाळ वाटी खाली टाकतं. ठण्ण! आई उचलून देते, ते पुन्हा टाकतं. आपल्याला वाटतं, खोडी. स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी आपल्या दहा महिन्यांच्या मुलाची ही टाकाटाक बारकाईने टिपून ठेवली. तो हात कधी लांब करी, कधी उंच. हातातली वस्तू दर वेळी वेगळ्या जागी पडू देई आणि ती कुठे गेली ते बघे. हा प्रयोग नव्हे तर काय?

त्याहून लहान बाळांचं ऐका. कॅरोलिन रोव्ही-कोलियर या अमेरिकी संशोधिकेने पाळण्यावर टांगलेलं खेळणं, आपलं चिमणाळंच म्हणा, रिबिनीने बाळाच्या पायाला बांधलं. पाय झाडला की वरची खेळणी नाचत. तीन महिन्यांच्या बाळांना काही मिनिटांतच हे उमगलं आणि ती जोरजोरात पाय झाडू लागली. मग रिबीन सोडली. आठवड्याने तेच चिमणाळं वर दिसताच पाय पुन्हा सुरू! निराळंच चिमणाळं टांगलं, तर मात्र दुसऱ्या दिवशीसुद्धा पाय गप्प. ज्याला अजून मानही धड सावरता येत नाही, त्याला ‘हे माझ्यामुळे हलतं’ एवढं कळतं आणि आठवड्यानंतर आठवतंही. यातला पाय झाडायला शिकण्याचा भाग १९६९ साली प्रसिद्ध झाला, आठवणीचा त्यानंतर. मी आजही पाळण्यापाशी गेले, की आधी त्या पायांकडे बघते.

मुलं वस्तू हाताळूनच शिकतात, हे आपल्याकडे बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी थोड्या मोठ्या मुलांच्या बाबतीत ओळखलं होतं. १९४५ साली बोर्डीला त्यांनी काम सुरू केलं, पुढे कोसबाडच्या वारली पाड्यांवर नेलं. महागडी साधनं परवडणारी नव्हती. शिंपले, बिया, पानं, खडे हीच त्यांची साधनं झाली. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच अंगणात न्यायची, हा त्यांचा विचार. अंगणवाडी हे नाव तिथलंच.

मोबाइलवर कितीही चित्रं हलोत, बोटाला लागते ती एकच गुळगुळीत काच. वाटी थंड असते, जड असते, गडगडत कोपऱ्यात जाते. तेव्हा आज ती अकराव्यांदा पडली, तरी उचलून द्या. घरात पितळेची असेल, तर तीच द्या. तिचा आवाज जास्त घुमतो.