निदान-परिवर्जन आणि स्टिरॉइडजन्य त्वचाविकार

अंगभर पसरलेले दद्रु, चेहऱ्यावर मुखदूषिका, किंचित आघातानेही उमटणारे काळेनिळे डाग आणि पोटावर जांभळट रुंद वळ, अशा तक्रारी घेऊन रुग्ण आला की आपण सहजच कुष्ठाची चिकित्सा योजतो. परंतु चेहरा वाटोळा, मानेमागे मेदाचा उंचवटा, पोट सुटलेले पण हातपाय कृश, उकिडवे बसल्यावर आधाराविना उठता येत नाही, अशी लक्षणे जोडीला असतील तर विचार कॉर्टिसॉलसदृश स्रावाच्या आधिक्याचा करावयास हवा. हार्वी कुशिंग यांनी १९३२ मध्ये पीयूषिका ग्रंथीच्या अर्बुदाशी जोडून वर्णिलेला हा लक्षणसमूह त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यांनी वर्णिलेले कारण देहातच होते. आपल्याकडील रुग्णांत ते बहुधा बाहेरून आलेले असते.

आमच्याकडे आलेल्या चाळिशीतील एका भगिनी वर्षभर क्लोबेटासॉलयुक्त मलम जांघेत लावीत होत्या. गुडघेदुखीसाठी बिनलेबलाची ‘जडीबुटीची’ पुडीही चालू होती. आम्ही दोन्ही तत्काळ बंद करविले. चौथ्या दिवशी वांत्या, ग्लानी व खालावलेला रक्तदाब अशा अवस्थेत त्यांना रुग्णालयात हलवावे लागले. चूक आमची होती.

स्टिरॉइड दीर्घकाळ बाहेरून मिळत राहिले की पीयूषिकेचा संकेत थांबतो व अधिवृक्क ग्रंथी निष्क्रिय होते. म्हणूनच लक्षणे आधिक्याची असूनही तपासणीत रक्तातील कॉर्टिसॉल कमी येऊ शकते. पुरवठा अकस्मात तुटला तर प्राणावर बेतते. निदान-परिवर्जन हे चिकित्सेचे पहिले सूत्र खरे; पण सात्म्य झालेले अपथ्यही पादांशाने, क्रमाक्रमाने सोडावे असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानात सांगितलेच आहे. येथे मात्र मात्रा उतरविण्याचे वेळापत्रक अंतःस्रावतज्ज्ञानेच ठरवावे. तोवर शोधनाची घाई नको. रुग्णाचे बल आधीच खचलेले असते. वळांचा जांभळा रंग कालांतराने फिकटतो, वळ पूर्णतः जात नाहीत, हे रुग्णास आधीच सांगावे.

औषधविक्रेत्या बंधूंस एक विनंती. २०१८ मध्ये अनेक स्टिरॉइडयुक्त मलमे अनुसूची ‘एच’च्या बंधनात आली, ‘गजकर्णाची ट्यूब द्या’ म्हणणाऱ्यास चिठ्ठी मागावी. घटक व उत्पादन परवाना क्रमांक नसलेली चूर्णे, मग विक्रेता कितीही ओळखीचा असो, दुकानात ठेवू नयेत. आम्ही आता प्रत्येक त्वचारुग्णास घरातील सर्व ट्यूब, गोळ्या आणि पुड्या पिशवीत घालून आणावयास सांगतो आणि नाडी त्यानंतर पाहतो.